एलईडीची वात

"झालं?" सुगंधामावशी म्हणाल्या. "अजून तापला कुठं तुमचा दिवा?"

मी दोरीला बांधलेला फ्लडलाइट पाण्याच्या बादलीत सोडून वसतिगृहाच्या अंगणात उभा होतो. दिवा पाण्याखाली लख्ख चालू होता. एरवी या क्षणाला गिऱ्हाईक 'अरे वा' म्हणतं. कागलच्या एका गोदामवाल्यानं तर मला मिठीच मारली होती. रेक्टर इनामदार बाईंचंही 'अरे वा' म्हणून झालं होतं, पेनाचं टोपण निघालं होतं, ऑर्डरचा कागद मांडीवर होता. नेमकी तेव्हाच ही स्वयंपाकीण पदराला हात पुसत बाहेर आली आणि करपलेल्या भाकरीकडे बघावं तशी माझ्या दिव्याकडे बघत राहिली.

"मावशी, एलईडी तापत नाही," मी हसून म्हणालो. "तापायचे ते जुने दिवे."

"मग मागच्या अंगाला ह्या पट्ट्या कशाला काढल्यात? शोभंला?"

दिव्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात, त्या आतली उष्णता बाहेर टाकायलाच असतात. चार वर्षं मी हे दिवे विकत होतो, आणि एकाही इंजिनिअर गिऱ्हाइकानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी तोंड भरून हसलो. धंद्यात उत्तर नसलं की हसायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. आजऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मुलींचं हे वसतिगृह. आसपासच्या वाड्यांवरच्या दीडशे मुली तिथं राहून शाळा शिकायच्या. भिंतीवर चोवीस दिवे बसवायचे होते. चोवीसच्या चोवीस खोकी मी कंपनीच्या ओम्नीत घालूनच आणली होती, कारण कारखानीस साहेबांनी निघताना मला सांगितलं होतं, "शेटे, या महिन्यात ऑर्डर नाही आली, तर पुढच्या महिन्यात तुम्हीही येऊ नका." माझ्या बायकोला तेव्हा पाचवा महिना होता. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ती बाळाच्या कुंचीसाठी रंग निवडत बसली होती.

वसतिगृहाची अडचण माझ्यापेक्षा मोठी होती. ती इनामदार बाईंनी मला सकाळीच सांगितली होती. आदल्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचे दिवे बसवले होते. जुलैच्या मध्यावर त्यांनी एकापाठोपाठ एक मान टाकली. संडास-न्हाणीघर मागच्या अंगणापलीकडे. अंधार पाहून एक माणूस भिंतीवरून उडी टाकून न्हाणीघराच्या दारापर्यंत आला. मुली ओरडल्या म्हणून पळाला, पण बातमी वाड्यांवर पोचली. आठ दिवसांत एकोणीस बाप येऊन आपापल्या मुली घेऊन गेले. दोघींची दिवाळीनंतर लग्नंही उरकली. दोघी नववीतल्या.

"येत्या रविवारी पालक मुलींना सोडायला येतील," बाई म्हणाल्या होत्या. "आधी दिवे बघतील, मग ट्रंक खाली उतरवतील. यंदा पुन्हा अंधार झाला, तर हे वसतिगृह बंद करावं लागेल, शेटे. आणि हो, तुमच्यासारखी बादली मागच्या वेळच्या गृहस्थांनीही मागितली होती."

हे ऐकून मला जरा वाईट वाटलं. बादलीची युक्ती माझी आहे, असा माझा समज होता.

आता त्या बादलीतल्या दिव्याविषयी खरं सांगायला हरकत नाही. डेमोच्या त्या दिव्याला आम्ही कंपनीत जावई म्हणायचो. त्याची बडदास्तच तशी होती. रबराचं पॅकिंग दुहेरी, वायर जिथून आत जाते तिथं सिलिकॉन ओतलेलं, स्क्रू स्टेनलेसचे. खोक्यातले बाकीचे दिवे म्हणजे घरची माणसं, उरलंसुरलं खाऊन वाढलेली. जावई बादलीत डुंबायचा आणि ऑर्डर घरच्यांच्या नावावर यायची. यात आपण कुणाला फसवतो आहोत असं आम्हाला वाटतही नसे. सगळेच असं करायचे.

"बाई, मी काय म्हणते," मावशी बोलत होत्या, "वरणाचा कडकडीत डबा झाकण लावून गार पाण्यात ठिवा. झाकण असं घट्ट बसतंय, की उघडाय चार पोरी लागत्यात. आतली वाफ निवली की ती बाहेरचं आत वढती. ह्यांचा दिवा रातच्याला तापणार, वरनं गार पाऊस पडणार. मग त्यो काय वढणार? पाणीच की!"

मी बारावीपर्यंत फिजिक्स शिकलेलो. हे सगळं त्यात होतं, पण कळलं मला ते त्या अंगणात. मी खिशातून प्रमाणपत्र काढून बाईंच्या हातात दिलं. त्यावर दिवा जलरोधक असल्याचा शिक्का होता. बाईंनी ते उलटसुलट पाहिलं.

"मावशी म्हणतात तसं करून बघू," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या तोवर."

दिवा दोन तास चालू ठेवला. मी आमटी-भात जेवलो. आमटी फर्मास होती, पण माझं लक्ष दिव्याकडेच होतं. मग तापलेला जावई विहिरीच्या गार पाण्यात सोडला. मी मनातल्या मनात दत्तगुरूंना हाक मारली. दहा मिनिटांनी वर काढला, पुसला, लावला. काच कोरडी ठणठणीत, उजेड पहिल्यासारखा. जावयानं लाज राखली. माझी छाती पुन्हा वर आली.

"बघा," मी म्हणालो.

"बघितलं," मावशी म्हणाल्या. "आता खोक्यातला आणा."

"तोच माल आहे, मावशी. एकाच कंपनीचा."

"आंब्याच्या पेटीत वरचा आंबा सगळेच चांगला ठिवत्यात. मी तळातला बघते."

आणि खरंच त्यांनी ओम्नीचं मागचं दार उघडून, सगळ्यांत खालचं खोकं ओढून काढलं. बाई गालातल्या गालात हसत होत्या. मी हसत नव्हतो.

पुन्हा दोन तास. पुन्हा विहिरीचं पाणी. वर काढला तेव्हाच मला दिसलं. काचेच्या आतल्या बाजूनं दव धरलं होतं, आणि खालच्या कडेला पोह्याच्या चमच्यात मावेल एवढं पाणी इकडून तिकडे हिंदकळत होतं. दिवा लावला. तो लुकलुकला, पिवळट झाला, आणि धुक्यातून कंदील दिसावा तसा दिसायला लागला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मागचेही असेच गेले होते," बाई म्हणाल्या. "आधी धुकं, मग अंधार. माफ करा, शेटे."

"बाई, आमची पाच वर्षांची हमी आहे," मी म्हणालो.

"पावसानं बिघडला तर?"

हमीच्या कागदावर बारीक अक्षरात 'नैसर्गिक आपत्ती वगळून' असं छापलेलं होतं, आणि आमच्या कंपनीच्या हिशेबी पाऊस ही नैसर्गिक आपत्ती होती. शेवटी जे खरं होतं तेच तोंडून आलं. "बाई, ही ऑर्डर गेली तर माझी नोकरी जाईल."

"आणि माझ्या मुली जातील," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "रविवारपर्यंत दुसरं कोण आणून देणार मला दिवे? आज बुधवार."

मावशी तोवर तो धुकं धरलेला दिवा कानाशी नेऊन हलवून बघत होत्या. आतलं पाणी डुबुक डुबुक वाजत होतं.

"ह्याला खालनं भोक पाडा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या चिडून बोलताहेत. जलरोधक दिव्याला भोक! पण त्यांनी ओम्नीत पडलेली माझी ड्रिल मशीन आणून माझ्या हातात ठेवली आणि चौकटीच्या खालच्या कडेवर बोटानं जागा दाखवली.

"पाणी आत घ्यायचं थांबवाय तुम्हाला जमत न्हाई ना? मग बाहेर तरी काढा. श्वास घ्याय वाट असली की त्यो हितनं-तितनं पाणी वढणार न्हाई. आन आलंच आत, तर खालनं जाईल."

"आणि मुंग्या जातील की आत!"

"थांबा."

त्या आत गेल्या आणि देवघरातून समईच्या वातींचा जुडगा घेऊन आल्या. कापसाची लांब, घट्ट वळलेली वात. मी जीव मुठीत धरून भोक पाडलं. मावशींनी वात त्यातून ओवली, अर्धा इंच आत, इंचभर बाहेर लोंबती. मग दिवा दांडीला टांगला आणि आम्ही तिघं खाली उकिडवे बसून वर बघत राहिलो. कुणी बाहेरचा आला असता तर आम्ही कुणाच्या दहाव्याला बसलोय असं त्याला वाटलं असतं.

थोड्या वेळानं वात ओली झाली. टोकाशी एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. मग दुसरा. अर्ध्या तासात आतलं पाणी संपलं. दिवा लावून ठेवला, तो तापला, आणि काचेवरचं दव कडेकडेनं विरत गेलं. उजेड पांढराशुभ्र झाला. मी परत बादली ओढली, तसं मावशींनी माझ्या हातावर चापट मारली.

"बुडवताय कशाला? पाऊस काय खालनं येतोय?"

त्यांनी बागेतली झारी आणली आणि तापलेल्या दिव्यावर वरून चार झाऱ्या गार पाणी ओतलं. वात ठिबकत राहिली, काच कोरडी राहिली.

मी आनंदानं बाईंकडे पाहिलं. त्या मात्र विचारात पडल्या होत्या.

"भोक पाडल्यावर कंपनीची हमी राहील?"

"नाही," मी म्हणालो. "भोक पाडलं की हमी संपली."

"मग उद्या हे दिवे गेले, तर जबाबदार कोण? ट्रस्टी मला पहिला हाच प्रश्न विचारतील. नव्या दिव्यांना भोकं पाडून घेतली म्हणून माझ्यावर ठपका येईल. मला कुणाची तरी सही हवी, शेटे. जबाबदारी घेतली म्हणून."

त्यांनी कागद आणि पेन पुढं केलं. माझ्या बुटाची नाडी सुटलेली नव्हती. तरी मी खाली वाकलो, ती सोडली आणि सावकाश पुन्हा बांधली. बराच वेळ बांधली. वर पाहिलं तेव्हाही कागद तिथंच होता.

"कंपनीच्या नियमात बसत नाही, बाई," मी म्हणालो.

"माझ्याही," बाई हळूच म्हणाल्या.

"आणा तो इकडं," मावशी म्हणाल्या.

त्या पायरीवर बसल्या, कागद गुडघ्यावर घेतला आणि जीभ दातांत धरून बराच वेळ लिहीत राहिल्या. मला वाटलं होतं दोन ओळींचं काम. त्यांनी कागद दिला तो बाईंनी मोठ्यानं वाचला.

"दिव्याला भोक मी पाडायला सांगितलं. दिवे गेले तर दोष माझा, मला कामावरून काढावं. दिवे गेले तर मागच्या साली उभी राहिले तशी मी बॅटरी घेऊन संडासापाशी उभी राहीन. पण पोरींना घरी न्यायचं नाही. सुगंधा बापू सुतार."

"मागच्या साली उभ्या राहिला होता?" मी विचारलं.

"जुलैपास्नं दसऱ्यापातूर. पोरी जाऊन येस्तोवर. डोक्यावर इरलं आन हातात बॅटरी." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ह्या गुडघ्यांचं वाटोळं झालं त्यात. म्हणून म्हणते, दिवं नीट लावा. मला काय हौस हाय व्हय परत उभं ऱ्हायची?"

बाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, डोळ्यांवरचा चष्मा काढून उगाच पुसला, आणि ऑर्डरवर सही केली. मी आयुष्यात तेवढा ओशाळलो नव्हतो. पण ऑर्डरचा कागद मी घेतला, हेही सांगतो. घडी न मोडता, आतल्या खिशात ठेवला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी आणि आजऱ्याचा वायरमन सत्याप्पा भोकं पाडत आणि दिवे टांगत होतो. मावशी कामातून उठून येऊन वाती ओवायच्या. रविवारी जीपमधून, टेम्पोतून बापलोक आले. सगळे आधी भिंतीकडे गेले. एक पागोटेवाला मान वर करून वातीकडे बघत म्हणाला, "एलईडीला वात? मग ह्याला तेल किती लागतंय?"

"तेल न्हाई," मावशी म्हणाल्या. "पाणी लागतंय."

तो हसला. मग टेम्पोकडे वळून त्यानं मुलीची ट्रंक खाली उतरवली. त्याच्या मागोमाग इतरांनीही उतरवल्या. मी एका कोपऱ्यात उभा राहून त्या मोजत होतो. किती झाल्या ते विसरलो, मोजत होतो ते आठवतं.

त्या वर्षी पाऊस असा कोसळला, की जुलै संपायच्या आत आमच्या त्या मालातले बाकीचे सगळे दिवे घरोघरी धुक्यात गेले. मिठी मारणाऱ्या कागलच्या गोदामवाल्यानं फोनवर माझ्या मागच्या सात पिढ्या काढल्या. परत आलेल्या दिव्यांनी कंपनीचं गोदाम भरलं. आजऱ्याकडून मात्र फोन नाही. मला ती शांतता सहन होईना, म्हणून ऑगस्टात एका दिवेलागणीला मी जाऊन आलो. धो धो पावसात भिंतीवर चोवीसच्या चोवीस दिवे जळत होते, वाती ठिबकत होत्या, आणि मुली खिदळत अंगण ओलांडून जात-येत होत्या. फाटकावरच्या माणसाला विचारलं. यंदा एकही मुलगी घरी गेली नव्हती. आत स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. मी आत गेलो नाही. फाटकावरूनच परतलो.

दोन दिवसांनी मालकांनी मीटिंग बोलावली. आजऱ्याचे दिवे का टिकले, असं कारखानीस साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. मी भोक सांगितलं, वात सांगितली. मालक टेबलावर पुढं झुकले.

"कुणाची कल्पना?"

"माझी," मी म्हणालो.

अशा वेळी तोंडून शब्द कसा निघाला कळलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला चांगलं कळलं होतं. बायकोला आठवा महिना होता आणि एरिया मॅनेजरची खुर्ची समोर होती. पुढच्या मोसमात आमच्या दिव्यांना कारखान्यातूनच भोक पडून यायला लागलं. माहितीपत्रकात त्याला 'कॅपिलरी ड्रेनेज तंत्रज्ञान' असं नाव दिलं, आणि शेजारी हाताची घडी घातलेला माझा फोटो. आज मी ज्या घरात राहतो, ते त्या वातीनं उभं केलं आहे.

गेल्या हिवाळ्यात मात्र मला राहवलं नाही. मुलगी आता शाळेत जाते. तिनं शाळेतल्या एका निबंधात लिहिलं, माझ्या बाबांनी दिव्याला वात लावायचा शोध लावला. तिच्या वर्गशिक्षिकेनं तो वर्गात वाचून दाखवला म्हणे. तिनं मला तो घरी वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली.

मावशी निवृत्त होऊन उत्तूरला बहिणीच्या घरी राहत होत्या. दारात उन्हाला पाय पसरून बसल्या होत्या. गुडघ्यांना तेल लावलेलं.

"ओळखलंत का, मावशी?"

"न्हाई. गॅसवाले का दिवेवाले?"

"दिवेवाले."

"आधीचं का नंतरचं?"

"नंतरचे."

"मग बसा," त्या म्हणाल्या आणि आत चहा सांगितला.

मी सगळं सांगून टाकलं. मीटिंग, खुर्ची, फोटो, मुलीचा निबंध. माहितीपत्रकही बरोबर नेलं होतं, ते त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी माझा फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि खो खो हसत सुटल्या.

"इनामदार बाई बी आल्या हुत्या," त्या म्हणाल्या. "त्यांनी ट्रस्टींच्या अहवालात आपलीच कल्पना म्हणून लिवलं हुतं. बक्षीस बी मिळालं. हितं बसून रडल्या बिचाऱ्या. आन तुमचा तो सत्याप्पा वायरमन, त्यानं आजऱ्यात पाटीच लावली, वातीवाला म्हणून. घ्या की तिघं वाटून. कापसाची तर हाय."

मला हसू आलं. इतक्या वर्षांचं ओझं असं चेष्टेत उतरलं म्हणून बरं वाटलं. चहा आला. मी कप हातात घेतला, आणि आता उठावं, असं मनात आलं.

मावशी माहितीपत्रकाची घडी घालत होत्या. नीट, कडेला कड जुळवून.

"वात तिघांनी बी आपली म्हणून सांगितली," त्या म्हणाल्या. "सही मातुर कुणी आपली म्हणून सांगितली न्हाई."